आभाराचं पान

शोधनिबंधातलं आभाराचं पान कुणी वाचत नाही. ज्याचे आभार मानले तो एकदा वाचतो आणि ज्याचे मानायचे राहिले तो चार वेळा वाचतो. नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेची शोधपत्रिका मी कितीतरी वर्षं सांभाळली. चोरलेले निबंध पाहिले, घरबसल्या तयार केलेले आकडे पाहिले, एकाच निबंधाला नवा मथळा लावून तीन ठिकाणी पाठवणारे महाभाग पाहिले. त्यातल्या कुणामुळे माझी झोप उडाली नाही. ती उडवली एका आभाराच्या पानानं, आणि ते आभार अगदी मनापासून मानलेले होते.

आधी धंदा समजावून सांगते, कारण संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई असं आमच्या सोसायटीत अजूनही समजतात. मी मूळची संख्याशास्त्राची प्राध्यापक. पत्रिकेची कार्यकारी संपादक झाले ती दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. काम म्हटलं तर सोपं. निबंध आला की विषयातल्या दोन जाणकारांकडे तो तपासायला पाठवायचा. ते बरा म्हणाले तर छापायचा, वाईट म्हणाले तर साभार परत करायचा, आणि परत केल्यावर लेखकाचा फोन आला तर पाणी पिऊन मगच उचलायचा. निवृत्तीनंतरही संस्थेनं हे काम माझ्याकडेच ठेवलं. माझा स्वभाव तिखट आहे आणि या कामाला तो उपयोगी पडतो, असं प्राचार्य चारचौघांत सांगायचे. ती स्तुती होती की तक्रार, हे मी कधी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक गृहस्थ द्राक्षांची पेटी घेऊन आले. निबंध कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "तो येईल हो मागून. पुढच्या आठवड्यात बढतीची मुलाखत आहे. अंकावर तेवढा मागचा महिना टाकता येईल का?" पेटी त्यांच्याच गाडीत परत ठेवायला मी शिपायाला सांगितलं, तेव्हा शिपाई आठवडाभर माझ्यावर रुसला होता. दुसऱ्या एकानं निबंधावर आणखी दोन लेखकांची नावं घातली होती. छापण्याआधी प्रत्येक लेखकाला स्वतः फोन करायची माझी सवय. त्यातल्या एकाला मी विचारलं, "आपला निबंध कशावर आहे?" पलीकडून आवाज आला, "साडूंना विचारून सांगतो." असल्या माणसांचा मला राग येतो तसं हसूही येतं. त्यांच्यामुळे नुकसान होतं ते कागदाचं आणि विद्येचं. कुणाच्या चुलीत पाणी जात नाही.

आता पद्धतीतली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तपासणाऱ्याला लेखक कोण हे कळू द्यायचं नसतं. कळलं की ओळखीपाळखी सुरू होते, जात-गाव-गुरू सगळं मध्ये येतं. म्हणून निबंध पाठवण्याआधी आम्ही त्यावरचं नाव काढतो आणि आभाराचं पानही काढतो. आभारात मार्गदर्शकाचं नाव असतं, नवऱ्याचं असतं, कॉलेजचं असतं. त्यावरून लेखक लगेच ओळखू येतो. ते पान वेगळं ठेवायचं आणि निबंध मंजूर झाला की अंकाची जुळणी करणाऱ्यानं परत शेवटी जोडायचं. सगळीकडे हीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे. फक्त तिचा अर्थ असा होतो की छापलेल्या निबंधातलं ते एकच पान कुठल्याही तपासनिसाच्या नजरेखालून गेलेलं नसतं.

गुरुवारी सकाळी देवरेचा फोन आला. देवरे एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर, मूळचा सटाण्याकडचा. एरवी छापल्यासारखं मराठी बोलतो, खूश झाला की अहिराणी बाहेर येते.

"मॅडम, तुमच्या नव्या अंकात मालेगावच्या लूम कामगारांच्या कानांवर निबंध आहे ना? मी वेबसाइटवरून उतरवला. बातमी एक नंबर शे! रविवारी मोठी लावतो."

मला बरं वाटलं. आमच्या पत्रिकेची बातमी होणं म्हणजे अमावास्येला चंद्र दिसणं.

"फक्त एक मदत करा," तो म्हणाला. "शेवटी आभारात त्या चाचांचं नाव आहे. त्यांचा फोटो लागेल मला. शनिवारी फोटोग्राफर घेऊन जातो, कारखान्याच्या दारात उभं करतो. तिकडच्या एका चहावाल्याला काल विचारून ठेवलंय, हे चाचा कुठल्या कारखान्यात असतात म्हणून."

"कोणतं नाव?" मी विचारलं, आणि विचारता विचारता अंक उघडला.

निबंध सीमा गांगुर्डेचा. सीमा नांदगावची, तिथल्याच एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी तरुण मुलगी. दोन वर्षं मालेगावला खेपा घालून तिनं काम केलं होतं. एका ओळखीच्या डॉक्टरांकडून कान तपासायचं यंत्र आणायची, सुट्टीच्या दिवशी कामगारांना बोलावून तपासायची आणि मग त्यांच्याशी गप्पा मारायची. निबंध इतका चांगला होता की दोन्ही तपासनिसांनी पहिल्यांदाच एकमत दाखवलं होतं. तिनं कारखान्यांना अ, ब, क अशी नावं दिली होती आणि माणसांना नुसते क्रमांक. शेवटी, आम्ही काढून ठेवलेलं आणि परत जोडलेलं ते पान होतं. 'कारखाना क मधल्या आपल्या सोबत्यांना एकेक करून माझ्यापर्यंत आणणारे आणि चहा पाजल्याशिवाय मला कधीही न सोडणारे' असं लिहून पुढे युसूफ चाचांचं नाव दिलं होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि मोहल्ल्यासकट.

देवरेला थांबवायलाच हवं होतं.

का, ते सांगते. मागाच्या खडखडाटानं कान जातात हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. पण माग बिघडायला लागला की आधी त्याचा आवाज बदलतो, आणि तो बदल ज्याला ऐकू येत नाही असा विणकर मालकाला नको असतो. म्हणून माणसं कान गेल्याचं लपवतात. कारखान्यात कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे ओठ आणि हात बघून बोलतात, त्यामुळे ते लपतंही. कारखाना क मधल्या जवळजवळ सगळ्या जुन्या माणसांचे कान कामातून गेलेत, असं सीमाच्या निबंधात स्पष्ट छापलं होतं. त्यातला एक जण काय म्हणाला तेही होतं: 'सेठला कळलं तर उद्या माझ्या मागावर दुसरा उभा राहील.' हे सगळे बोलले ते एका वचनावर, की कुणाचं नाव कळणार नाही. आणि युसूफ चाचांचं नाव कळलं की कारखाना कळत होता. कारखाना कळला की त्यातली माणसं.

"देवरे," मी म्हटलं, "त्या चहावाल्याला पुन्हा काही विचारू नका. रविवारची बातमी थांबवा."

"मॅडम, असं कसं? नाव नाही, फोटो नाही, तर बातमीत राहिलं काय?"

"मी शुक्रवारी संध्याकाळी सांगते. तोवर तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. हे मी विनंती म्हणून सांगतेय असं समजा."

"आणि नाही समजलो तर?"

"तर मी तुमच्या संपादकांच्या दारात येऊन बसेन. मला आता दुसरा उद्योग नाही."

तो हसला. शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाला. पुढचं वचन काही दिलं नाही.

वेबसाइट बघणाऱ्या मुलीला सांगून मी निबंध तात्काळ तिथून काढून टाकला आणि सीमाला फोन लावला. तिला आधी कळेचना.

"पण मॅडम, निबंधात मी एकाचंही नाव लिहिलं नाहीये. आभार तर वेगळे असतात ना?"

"वेगळे कसे? तुझ्या निबंधाचं शेवटचं पान आहे ते."

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आभारात नाव लिहायचं नाही, तर मग लिहायचं कुठं? त्या माणसानं दोन वर्षं माझ्यासाठी सुट्ट्या घालवल्या. मी टायपिंग करणाऱ्याचे आभार मानले, मामांचे मानले, ग्रंथपालांचे मानले. चाचांचे मानले नसते तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेपासून पीएच.डी.पर्यंत आभारप्रदर्शनात एखादं नाव राहिलं तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. ह्या मुलीला लहानपणापासून तेच वळण लागलेलं. नाव घेणं म्हणजे मान देणं. नाव न घेण्यातही मान असू शकतो हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि आमच्या सगळ्या नियमांत आभारांबद्दल एक अक्षर नव्हतं.

"छापील अंक कुठे कुठे गेलाय?" तिनं विचारलं.

छापील अंक सुदैवानं अजून ऑफिसातच गठ्ठे बांधून पडले होते. लेखकाच्या प्रती तेवढ्या सीमाला दिल्या होत्या. त्यातली एक तिनं चाचांना नेऊन दिली होती.

"त्यांना फोन कर."

"त्यांना फोनवर ऐकू येत नाही, मॅडम."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं मग चाचांच्या मुलीला फोन केला. मुलगी रुखसाना, उर्दू शाळेत शिक्षिका, मराठी चांगलं वाचणारी. शुक्रवारी कारखाना बंद असतो, नमाजनंतर या, ती म्हणाली. पुस्तक अब्बांनी कपाटात ठेवलंय, कुणाला हात लावू देत नाहीत. ते ऐकून माझा जीव जरा भांड्यात पडला. बाकीचं फोनवर बोलू नकोस, मी सीमाला सांगितलं. ज्याचं नाव आहे त्याला समोर बसून सांगायला हवं.

दुपारी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. पत्रिकेचे अध्यक्ष तेच. माणूस वाईट नाही, पण कटकट नको असलेला.

"एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "ते पान गुपचूप बदला आणि फाईल परत चढवा. आभार कोण वाचतंय?"

"वार्ताहरानं वाचलं."

"म्हणूनच म्हणतो, लवकर बदला."

"सर, छापलेलं गुपचूप बदलायचं नाही हा आपला पहिला नियम आहे. द्राक्षवाल्याला आपण ह्याच कारणासाठी हाकललं. काही बदललं तर बदललं असं लिहायचं, का बदललं तेही लिहायचं."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "लिहा की. 'एका कामगाराचं नाव चुकून छापलं गेलं होतं, त्याला धोका होऊ नये म्हणून काढलं.' आणि मग ज्याच्या कुणाच्या मोबाइलमध्ये जुनी फाईल असेल, तो आधी ती उघडून नाव बघेल. तुमच्या नियमानं त्या माणसाचं भलं होणार आहे का?"

एवढ्या वर्षांत प्राचार्यांचं म्हणणं बरोबर निघाल्याचे प्रसंग थोडे, आणि हा नेमका त्यातला. खरं सगळं सांगावं तर माणूस उघडा पडतो. लपवावं तर आम्ही द्राक्षवाल्याच्या रांगेत जाऊन बसतो. त्यांना मी म्हटलं, उद्या मालेगावहून येते आणि मग ठरवू. घरी आल्यावर स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं.

शुक्रवारी सीमा नांदगावहून आली, मी नाशिकहून. मालेगावच्या स्टँडवर भेटलो. येताना चांदवडच्या घाटात एसटीत बसून मी वाक्यं जुळवत होते. मला ह्या बाबतीत एक गोष्ट येत होती. माझे वडील मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात लोखंड ठोकायच्या खात्यात होते. त्यांचेही कान गेलेले. आमच्या घरी सगळे ओरडून बोलायचे आणि शेजाऱ्यांना वाटायचं की आमच्याकडे रोज भांडणं होतात. त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्याच्या समोर, उजेडाकडे तोंड करून, सावकाश बोलायचं असतं हे मला माहीत होतं.

त्या घरात मात्र कुणी ओरडत नव्हतं. युसूफ चाचा भिंतीला टेकून बसले होते. बारीक अंगाचे, पांढरी दाढी, नीट इस्त्रीचा सदरा. रुखसाना त्यांच्याशी बोलत होती ते नुसते ओठ हलवून, आवाजच न काढता. चाचा तिच्याकडे बघून हो-नाही करत होते. आम्ही आत आलो तसे ते उठले, सीमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आइए मॅडम. हमारी बेटी ने बोला, बडी मॅडम खुद आ रही है."

आवाज जरा मोठा, पण प्रेमळ. मग त्यांनी स्वतः कपाट उघडलं. आमचा अंक पारदर्शक पिशवीत घातलेला होता. त्यांनी तो बाहेर काढला आणि नेमकं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पानाच्या कडेला रुखसानानं त्यांचं नाव उर्दूत पेन्सिलीनं लिहून दिलं होतं, त्यांना वाचता यावं म्हणून.

"हे आतलं सगळं वाचलंत का तुम्ही?" मी रुखसानाला विचारलं.

"नाही मॅडम. फक्त अब्बांचं नाव वाचलं. आतलं कॉलेजवाल्यांसाठी असतं ना?"

चाचा आमच्या ओठांकडे बघत होते. काय समजलं कोण जाणे, एकदम खुशीत आले. "कल सेठ को भी बताया मैंने. नाशिक के कॉलेज ने मेरा नाम छापा. सेठ बोले, लेके आना, देखेंगे. कल लेके जाऊंगा."

सीमानं माझा हात धरला.

मी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीकडे तोंड करून बसले आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. जिथे माझं हिंदी अडत होतं तिथे रुखसाना बिनआवाजी पुढचं सांगत होती. आत काय छापलंय, कुणाचे कान कसे आहेत, कोण काय म्हणालं. सेठकडे मराठी वाचणारा मुनीम आहे हे तिनंच सांगितलं. चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आणि मला ते बसून बघावं लागलं.

"लेकिन उस में तो नाम नहीं है किसी का," ते म्हणाले. "सीमा बेटी ने वादा किया था."

"त्यांची नाही. तुमचं आहे."

"मेरा नाम है तो मेरी मर्जी." आता आवाज चढला होता. "मैं नहीं डरता. निकालेगा तो निकालेगा. कितना कपडा बुना मैंने इन हाथों से. किसी कपडे पे बुननेवाले का नाम आता है? पहली बार कहीं आया. आप बोलती हो मिटा दो."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. नाव त्यांचं होतं, जोखीम घ्यायचा हक्कही त्यांचा होता, आणि नियमाच्या पुस्तकात बघितलं तर त्यांच्या संमतीनं ते नाव खुशाल राहू शकलं असतं. पण मला तो निबंध पाठ होता.

"चाचा," मी म्हटलं, "तुमचं नाव वाचलं की सेठला कारखाना कळेल. मग तो बाकीच्यांना शोधेल. 'माझ्या मागावर दुसरा उभा राहील' असं जो म्हणाला, त्याला तुम्हीच घेऊन आला होतात ना?"

रुखसानानं हे त्यांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी नजर वळवली होती. ओठ वाचणाऱ्या माणसानं नजर वळवली की त्याच्याशी कुणालाच बोलता येत नाही. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. बाहेर शुक्रवारची शांतता होती, एरवी दिवसरात्र खडखडणारी गल्ली गप्प होती, आणि मला वाटत होतं की हा माणूस आता आपल्याला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर योग्यच होतं.

मग त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं आणि ते सगळं पुन्हा तिच्या ओठांवरून वाचलं.

"उस के घर में दो बेटियां हैं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मेरे भरोसे पे आया था."

त्यांनी अंक पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दुमडलं आणि माझ्या हातात दिला. "ले जाओ."

"आणि उद्या सेठ विचारतील तेव्हा?" रुखसानानं विचारलं. ह्या खेपेला तिनं मोठ्यानं विचारलं, आमच्यासाठी.

चाचा थोडा विचार करून म्हणाले, "बोलूंगा, गलती से छप गया था. किसी और का नाम था. कॉलेजवाले आके वापस ले गए."

सीमाला रडू आवरेना. चाचांनी तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला आणि चहा संपवल्याशिवाय आम्हाला उठू दिलं नाही.

स्टँडवरूनच मी देवरेला फोन केला. गाव नको, मोहल्ला नको, फोटो नको, नुसतं 'जिल्ह्यातल्या यंत्रमाग कामगारांचे कान' एवढंच लिहा, असं सांगितलं आणि का तेही सांगितलं. चहावाल्याकडे पुन्हा कुणी गेलं तर काय होईल तेही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझी बातमी मारली." रविवारी आतल्या पानावर, कोपऱ्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनाखाली ती आली. त्यात एकही नाव नव्हतं. तेव्हापासून देवरेबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण त्याला सांगितलं तर तो डोक्यावर बसेल.

पत्रिकेत शेवटी आम्ही असं छापलं: 'या निबंधाच्या प्रकाशनानंतर त्यातील एका भागात संपादकांनी बदल केला आहे. बदलाचं कारण संपादक मंडळाच्या दफ्तरी नोंदवलं आहे.' प्राचार्यांना ते जास्त वाटलं, मला कमी. अंकाच्या प्रत्येक प्रतीतलं ते पान कापून बाइंडरनं नवं पान चिकटवलं. आभाराच्या नव्या पानावर टायपिंगवाला आहे, मामा आहेत, ग्रंथपाल आहेत. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक निबंधाचं आभाराचं पान मी आधी वाचायला लागले. लोक म्हणतात बाई चिकित्सक आहे. आहेच.

पुढे सीमाकडून कळलं की सेठ बरेच हसले होते. "किसी और का नाम था?" असं विचारून कारखान्यात सगळ्यांपुढे हसले. चाचांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. सोबत्यांनाही दिसलं, आणि त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की हा माणूस खोटं का बोलतोय. हा भाग आठवला की मला अजूनही चीड येते, सेठची आणि सगळ्याचीच. आम्ही नियम पाळला, वचन पाळलं, पत्रिकेचं नाव राखलं, आणि त्याची किंमत दिली ती ह्या माणसानं.

त्या सगळ्याला आता काही वर्षं झाली. यंदा ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा मला दुसरं काही सुचेना. ती पिशवीतली प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे, पेन्सिलीच्या उर्दू अक्षरांसकट. चाचांनी मागच्या वर्षी काम सोडलं, असं सीमा म्हणाली होती. म्हणजे आता त्यांना कुणी काढून टाकू शकत नाही. मला वाटलं, शोधपत्रिकेत नाही तर नाही, दिवाळी अंकात तरी त्यांचं नाव छापू. आमच्या पत्रिकेपेक्षा तो शंभर पटींनी जास्त लोक वाचतात.

मी रुखसानाला फोन केला आणि म्हटलं, "अब्बांना विचार, ह्या लेखात त्यांचं खरं नाव लिहू का? पूर्ण, वडिलांच्या नावासकट."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन तुटला असं कुणालाही वाटलं असतं. मला माहीत होतं की बापलेकी बोलतायत. मी कान लावून त्या शांततेत थांबले.

"मॅडम," रुखसाना म्हणाली, "अब्बा बहुत खुश हुए. पूछ रहे हैं, उस लेख में कान वाली बात भी आएगी?"

"येणार. त्याशिवाय कसं सांगू?"

पुन्हा शांतता. ह्या वेळी थोडी लांब.

"अब्बा बोले, बाकी लोग तो अभी वहीं काम पे हैं." मग, जरा थांबून, "बोले, रहने दो."

म्हणून ह्या लेखात त्यांचं नाव युसूफ आहे.